पंडितांचा वाद आणि आमचा सातबारा



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे बापजाद्यांपासून चालत आली आहे. वकिलाची फी, तारखेवर तारीख, एसटीचे हेलपाटे आणि शेवटी बांध होता तिथेच. हे ज्याने भोगले त्यानेच ही म्हण केली असणार. पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पायरी आहे, ती चढायची की नाही एवढेच शहाण्याने ठरवायचे. शेतकऱ्याच्या बाबतीत १९५१ सालापासून गोष्ट वेगळी आहे. काही कायदे असे आहेत की ते तुमच्या मूलभूत अधिकारांवर वरवंटा फिरवतात असे तुम्ही कोर्टात दाखवून दिले, तरी तेवढ्या कारणावरून न्यायाधीशाने ते रद्द करायचे नाहीत, असे घटनेतच लिहून ठेवले गेले. पायरी चढावी की न चढावी हा प्रश्नच उरला नाही. पायरीच काढून नेली.

गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे देशातले मोठमोठे कायदेपंडित या विषयावर वाद घालीत आहेत. ग्रंथ निघाले, व्याख्यानमाला झाल्या, तेरा-तेरा न्यायाधीश एका बाकावर बसले. वाद कशाचा? संसद श्रेष्ठ की न्यायालय श्रेष्ठ. ज्याच्या जमिनीवरून आणि ज्याच्या मालावरून हा वाद पेटला, तो कोरडवाहू शेतकरी या ग्रंथांत सापडतो तो फक्त खटल्याच्या नावात. आजच्या बैठकीत या पंडितांच्या वादाकडे आपण आपल्या बांधावरून पाहू.

सहा खटले, एकच माती

कायद्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, तो सहा नावे पाठ म्हणून दाखवील. शंकरीप्रसाद, १९५१. सज्जनसिंग, १९६५. गोलकनाथ, १९६७. केशवानंद भारती, १९७३. वामनराव, १९८०. कोएल्हो, २००७. संसदेला घटना किती बदलता येते आणि न्यायालयाला ती किती अडवता येते, याचा सगळा इतिहास या सहा नावांत आहे असे पंडित सांगतात. ते खरेही आहे.

पण या सहांत आणखी एक गोष्ट सारखी आहे. शंकरीप्रसादच्या मुळाशी जमीनदारीच्या जमिनी. सज्जनसिंगच्या मुळाशी जमिनीचेच कायदे. गोलकनाथ हे पंजाबातले पाचशे एकरांवरचे कुटुंब. केशवानंद भारती हे केरळच्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी, त्यांच्यापुढे प्रश्न मठाच्या जमिनीचा. वामनराव हा तर आपल्या महाराष्ट्रातल्या सीलिंगचा खटला. आणि कोएल्हो तामिळनाडूतल्या गुडलूरच्या जन्मम जमिनींचा. सहाही खटले मातीचे. बँकेचा नाही, गिरणीचा नाही, कारखान्याचा नाही.

आणखी एक गंमत पाहा. गोलकनाथमध्ये ११ न्यायाधीशांपैकी ६ जणांनी सांगितले की मूलभूत अधिकारांना संसदेने हात लावायचा नाही. तत्त्व जिंकले, पण आधीच्या दुरुस्त्या तशाच चालू राहतील असेही सांगितले, आणि गोलकनाथांची याचिका फेटाळली गेली. केशवानंदमध्ये १३ पैकी ७ जणांनी सांगितले की घटनेची मूळ चौकट संसदेला मोडता येणार नाही. चौकट वाचली, मठाला दिलासा मिळाला नाही. वामनरावमध्येही तेच. तत्त्व जिंकते आणि वादी हरतो, असा हा न्याय आहे. लग्न थाटात झाले, फक्त नवरदेव उपाशी राहिला.

पायरी कोणी नेली?

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढाऱ्यांच्या भाषणात ती अर्धीच सांगितली जाते.

२६ जानेवारी १९५० ला घटना अमलात आली. तिच्यात मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. बिहार सरकारने जमीनदारी काढण्याचा कायदा केला. जमीनदार कोर्टात गेले आणि १२ मार्च १९५१ ला पाटणा हायकोर्टाने तो कायदा रद्द ठरवला. मोठ्या आणि लहान जमीनदारांना भरपाई देण्याच्या दरांत जो फरक केला, तो समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे हायकोर्टाचे म्हणणे पडले. आता सरकारपुढे दोन वाटा होत्या. एक, कायदा दुरुस्त करून कोर्टात टिकेल असा करायचा. दुसरी, कोर्टालाच बाजूला सारायचे. नेहरूंच्या सरकारने दुसरी वाट धरली. जून १९५१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती झाली. ३१-अ आणि ३१-ब ही दोन कलमे आली आणि घटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले. या परिशिष्टात ज्या कायद्याचे नाव लिहिले जाईल, तो मूलभूत अधिकारांचा भंग करतो म्हणून रद्द ठरवता येणार नाही.

सुरुवातीला त्या यादीत १३ कायदे होते. त्यांतला दुसराच आपल्याकडचा, मुंबई राज्याचा १९४८ चा कुळकायदा. त्या कायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक केले. आज या बैठकीला बसलेल्यांपैकी अनेकांच्या आजोबांचे नाव सातबाऱ्यावर लागले ते त्याच कायद्याने. हे नाकारणारा माणूस कृतघ्न म्हणावा लागेल. म्हणून पहिल्या १३ कायद्यांबद्दल आज भांडण उकरून काढण्यात अर्थ नाही.

भांडण पुढच्याशी आहे. कोठीला कुलूप नसले की घरातला प्रत्येक जण आपली अडगळ तिथे टाकतो. तसे या परिशिष्टाचे झाले. १९५५ मध्ये ७ कायदे वाढले, १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने एकदम ४४. त्यातच महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा, म्हणजे आपला सीलिंग कायदा, आत गेला. १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, चाळिसाव्या दुरुस्तीने आणखी ६४. आज यादीतला शेवटचा आकडा २८४ आहे. जमीनदार गेले, जहागीरदार गेले, खोत गेले, मालगुजार गेले. पण ज्या कपाटात जमीनदाराला कोंडायचे होते, त्या कपाटात आज त्याच्या कुळाचा नातू कोंडलेला आहे. त्याच्याकडे दोन-चार एकर कोरडवाहू आहे, आणि कायद्याच्या लेखी तो अजून जमीनदारच आहे.

आत काय ठेवले, बाहेर काय काढले

१९७६ सालच्या त्या ६४ कायद्यांत एक होता आवश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा. जमीन सुधारणेशी या कायद्याचा काय संबंध? काही नाही. हा कायदा आहे मालाच्या भावाचा, साठ्याचा, वाहतुकीचा. सरकारला वाटले तर ते तुमच्या मालाचा भाव बांधू शकते, व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घालू शकते, माल हलवायला बंदी करू शकते. ज्वारी धान्य म्हणून यात आली. कापूस आणि सरकी या कायद्याच्या मूळ यादीतच होत्या. २००६ च्या दुरुस्तीने त्या यादीतून गेल्या. ज्वारीच्या लेव्हीच्या काळात घरातले पोते मोजायला आलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा कायदा वेगळा समजावून सांगायला नको.

आता पुढचा प्रकार बघा. आणीबाणी संपली, जनता पक्षाचे सरकार आले. १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिने नवव्या परिशिष्टातून तीन नोंदी बाहेर काढल्या. ८७, ९२ आणि १३०. कोणत्या होत्या या नोंदी? ८७ होती निवडणुकीच्या कायद्यांची. ९२ होती मिसाची, ज्याखाली पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले होते. १३० होती वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या कायद्याची. पुढाऱ्यांनी आपल्या पायातली बेडी काढली, संपादकांच्या तोंडावरची पट्टी काढली. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण ज्या कपाटात हात घालून या तीन वस्तू बाहेर काढल्या, त्याच कपाटात शेतकऱ्याच्या मालाचा कायदा आणि जमिनीचे कायदे होते. त्यांना कोणाचा हात लागला नाही.

उलट त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत अधिकारांतून काढून टाकला. त्याच्या जागी ३००-अ आले. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. म्हणजे कायदा केला की झाले. तुरुंगात गेलेले पुढारी सुटले, आणि सुटता सुटता आपल्याला आत ढकलून गेले.

शहरातही सीलिंग आले होते. शहरी कमाल जमीन धारणेचा कायदा १९७६ चाच, त्याच चाळिसाव्या दुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेलेला. त्याचे काय झाले? केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये. कारण सांगितले गेले की त्याने घरबांधणी अडते, जमीन अडकून पडते. शहरातली जमीन अडकली की ते संकट, आणि शेतातली अडकली की ती समाजसुधारणा?

पंडितांची ताकद

कोणी म्हणेल, पंडितांच्या पुस्तकांनी काय होते? कायदा करतात पुढारी, राबवतात नोकरशहा. मला वाटते, इथेच आपली चूक होते. पंडितांची ताकद आपण ओळखलेली नाही.

१९६५ चा सज्जनसिंग खटला घ्या. पाच न्यायाधीशांत दोन मराठी. मुख्य निकाल लिहिला सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांनी, हे साताऱ्याचे. संसदेला मूलभूत अधिकारही बदलता येतात, असे त्यांचे मत. दुसरे जनार्दन रघुनाथ मुधोळकर, अमरावतीचे, कापसाच्या मुलखातले. त्यांनी निकालाला संमती दिली, पण एक शंका लिहून ठेवली. घटनेची काही मूळ वैशिष्ट्ये असतात. ती बदलणे म्हणजे घटना दुरुस्त करणे, की नवीच घटना लिहिणे? एवढीच शंका. पण आठ वर्षांनी १३ न्यायाधीशांच्या बाकाने मूळ चौकटीचा जो सिद्धांत सांगितला, त्याचे बी या शंकेत होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत डीटर कॉनराड नावाच्या जर्मन प्राध्यापकाने बनारस हिंदू विद्यापीठात एक व्याख्यान दिले. घटना दुरुस्त करण्याच्या अधिकाराला आपोआप काही मर्यादा असतात, हा विषय. त्याच्या देशात हिटलरने घटनेच्या कलमांचाच आधार घेत घटनेचा गळा दाबला होता. पोळलेल्या देशाचा माणूस बोलत होता. ते व्याख्यान वकिलांच्या हाती पडले, गोलकनाथमध्ये सांगितले गेले, केशवानंदच्या निकालपत्रात त्याचा उल्लेख झाला. एका प्राध्यापकाचे एक व्याख्यान या देशाच्या घटनेची ढाल झाले!

केशवानंदमध्ये स्वामींची बाजू नानी पालखीवाला लढले. समोर केरळ सरकारच्या बाजूने उभे होते होरमसजी सीरवाई, त्या वेळी महाराष्ट्राचे अ‍ॅडव्होकेट जनरल. दोघेही मुंबईचे. सीरवाईंनी मूळ चौकटीच्या सिद्धांतावर टीका केली. मग आणीबाणी आली. नंतर आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी मत बदलले आणि सिद्धांत योग्य आहे असे लिहिले. विद्वान माणूस अनुभवाने शहाणा होतो आणि तसे छापून सांगतो, याचे हे उदाहरण. त्यांना नमस्कारच करायला हवा.

पण मग विचारावेसे वाटते. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांनी पंडितांचे मत बदलले. शेतकऱ्याच्या आणीबाणीला सात दशके झाली, तिचा अनुभव पंडितांना कधी येणार?

केशवानंदची सुनावणी ऑक्टोबर १९७२ ते मार्च १९७३ या काळात ६८ दिवस चालली. बहात्तर-त्र्याहत्तर. ही तारीख दिल्लीत घटनेची म्हणून ओळखली जाते, आपल्याकडे दुष्काळाची म्हणून. दिल्लीत तेरा न्यायमूर्ती मालमत्तेच्या हक्काचा कीस पाडत होते, तेव्हा त्या हक्काचे मालक म्हणवणारे महाराष्ट्रातले कोरडवाहू शेतकरी सातबारा घरी ठेवून दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. ज्वारी पिकवणारा माणूस परदेशातून आलेली मिलो खात होता. एका बाजूला हक्क, एका बाजूला हातोडा. त्या दोघांची गाठ घालून देणारा पंडित तेव्हा पुढे आला नाही.

वामनरावांचा खटला

आपल्या सीलिंग कायद्याची मर्यादा १९७५ मध्ये खाली आणली गेली. बारमाही बागायत १८ एकर, कोरडवाहू ५४ एकर. दुरुस्त्याही १९७६ मध्ये परिशिष्टात गेल्या. महाराष्ट्रातले शेतकरी सर्वोच्च न्यायालयात गेले. तो वामनराव खटला. १९८० मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या बाकाने निकाल दिला. सीलिंग कायदा टिकला. पण निकालात एक रेघ मारली गेली. २४ एप्रिल १९७३, म्हणजे केशवानंदच्या निकालाची तारीख. त्याआधी परिशिष्टात गेलेले कायदे सुरक्षित. त्यानंतर गेलेले मूळ चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. २००७ मध्ये कोएल्हो खटल्यात ९ न्यायाधीशांनी हीच रेघ पक्की केली आणि सांगितले की नंतरचे कायदे मूलभूत अधिकारांच्या गाभ्याला धक्का लावतात का, ते न्यायालय बघू शकते.

याचा साधा अर्थ असा. आवश्यक वस्तूंचा कायदा परिशिष्टात गेला १९७६ मध्ये. रेघेच्या अलीकडे. म्हणजे २००७ पासून दार किलकिले झालेले आहे. पायरीचा एक दगड परत बसवलेला आहे. पण त्यावर पाय ठेवायला जे लागते, ते कुठे आहे? या कायद्याने कोरडवाहू कुटुंबाचे नेमके काय झाले, कोणत्या हंगामात, कोणत्या आदेशाने, किती रुपयांनी, याची तपशीलवार मांडणी करणारा ग्रंथ कोणत्या विधी महाविद्यालयाने लिहिला? मुधोळकरांची शंका होती म्हणून पुढच्यांना धागा सापडला. कॉनराडचे व्याख्यान होते म्हणून वकिलाच्या हाती कागद होता. आपल्या वकिलाच्या हाती काय आहे?

‘चौपन्न एकर आहेत कोणाकडे?’

नांदगावकडच्या एका बैठकीत हे सगळे सांगत असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मध्येच विचारले, ‘‘भाऊ, आपल्या गावात चौपन्न एकर हायेत कोणाकडं? माझे साडेतीन. सीलिंग ऱ्हायलं काय नि गेलं काय, मला काय फरक पडतो?’’

प्रश्न अगदी रास्त आहे. दोन उत्तरे आहेत.

पहिले, सीलिंग फक्त शेतीलाच का? गिरणीने किती चात्या चालवाव्या याला मर्यादा नाही. व्यापाऱ्याने किती दुकाने काढावी याला नाही. डॉक्टरने किती खाटांचे हॉस्पिटल बांधावे याला नाही. शेतकऱ्याने मात्र अमुक एकराच्या वर जायचे नाही. चार भावकीने एकत्र येऊन मोठे क्षेत्र करायचे, बाहेरचे भांडवल आणायचे, म्हटले की पहिली भिंत हीच. साडेतीन एकरवाल्याला सीलिंग लागत नाही हे खरे, पण साडेतीन एकरांतच अडकून राहण्याची जी व्यवस्था आहे तिचा हा एक खांब आहे.

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. प्रश्न एकरांचा नाही, पायरीचा आहे. आवश्यक वस्तूंचा कायदा साडेतीन एकरवाल्यालाही लागतो आणि तीस एकरवाल्यालाही. एकाधिकार खरेदीची आठवण करा. १९७१ चा कायदा, पुढची तीन दशके. मालेगाव-धुळ्याकडचा शेतकरी स्वतःच्या रानातला कापूस स्वतःच्या गाडीत घालून राज्याबाहेर नेऊ लागला की तो चोर ठरत होता. मालकीचा कागद त्याच्याकडे होता, मालकी सरकारकडे होती.

ही जुनी गोष्ट म्हणाल, तर आपल्या नाशिकचा कांदा घ्या. जून २०२० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून कांदा आवश्यक वस्तूंच्या रोजच्या जाचातून मोकळा केला असे सांगितले. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली. २३ ऑक्टोबरला व्यापाऱ्यांच्या साठ्यावर पुन्हा मर्यादा आली. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा निर्यातबंदी, ती उठली ४ मे २०२४ ला. कापसाला ५ मार्च २०१२ ला निर्यातबंदीचा असाच दणका बसला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तर उलटी तऱ्हा झाली. आपली वेचणी तोंडावर आली असताना बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के आयातकर माफ केला गेला आणि ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. हुकूम निरनिराळ्या कायद्यांखालचे आहेत, पण सवय एकच. शेतकऱ्याचा हक्क आधी काढून घ्यायचा, कारण नंतर सांगायचे, आणि कोर्टात उत्तर द्यायची पाळी येणार नाही अशी खात्री बाळगायची. ही सवय जिथे लागली, ती जागा म्हणजे १९५१ ची ती दुरुस्ती.

भूमिहीनांचे काय?

इथे समाजवादी मित्र उठून विचारतील, आणि विचारलेच पाहिजे, की भूमिहीनांचे काय? हा प्रश्न नाशिकमध्ये झटकून टाकता येणार नाही. दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातले. १९५९ मध्ये आणि पुढे १९६४ मध्ये त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. ज्याच्या पिढ्यान् पिढ्यांना जमीन ठेवूच दिली नाही, त्याने जमीन मागितली यात गैर काही नाही.

आमचे म्हणणे एवढेच की न्यायाची मागणी कोर्टाला घाबरत नाही. कायदा न्याय्य असेल तर तो कोर्टात उभा राहील. त्याला परिशिष्टाच्या बुरख्याची गरज काय? आणि बुरखा घातल्याने भूमिहीनाचे किती भले झाले, हे त्यांच्याच वस्तीत जाऊन विचारा. उद्या त्याच्या नावावर दोन एकर झाले, की दुसऱ्या दिवसापासून तोही या कपाटात येऊन बसतो. त्याच्या ज्वारीलाही तीच लेव्ही, त्याच्या कांद्यालाही तीच बंदी.

सगळेच मोडा असेही आम्ही म्हणत नाही. ३१-अ मध्ये १९६४ साली घातलेले एक वाक्य आपल्या बाजूचे आहे. सीलिंगच्या आतली, स्वतः कसत असलेली जमीन बाजारभावापेक्षा कमी भरपाई देऊन घेता येणार नाही, असे ते सांगते. २०१५ च्या आदेशाने कापसाच्या बियाण्याचा भाव बांधला गेला तोही आवश्यक वस्तूंच्या कायद्याखालीच, आणि त्याने पाकीट स्वस्त झाले असे म्हणणारे आपल्यातही आहेत. गहू निवडावा तसे एकेक कलम निवडावे लागेल. पण निवडायला आधी सूप हाती पाहिजे.

नाशिकचा एक न्यायाधीश

१८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. त्याच सुमारास पुण्याहून बदली होऊन एक न्यायाधीश आधी आपल्या नाशिकला आणि मग धुळ्याला आले. महादेव गोविंद रानडे. पुढे १८८७ पासून त्याच कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून ते तालुक्यातालुक्यांची दप्तरे तपासत हिंडले. त्यांची सगळी मते आपल्याला पटतील असे नाही. पण कायदा पुस्तकात काय म्हणतो आणि कुणब्याच्या घरात काय करतो, हे दोन्ही बघणारा पंडित या मातीत होऊन गेला आहे. आज तसा माणूस शोधावा लागतो.

उलट आज काय होते? जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन कृषी कायद्यांना स्थगिती देऊन समिती नेमली. समितीने मार्चमध्ये बंद पाकिटात अहवाल दिला. नोव्हेंबरात पंतप्रधानांनी कायदे मागे घेतल्याचे जाहीर केले. पाकीट बंदच राहिले. शेवटी समितीचे सदस्य अनिल घनवट यांनी २१ मार्च २०२२ ला अहवाल स्वतः उघड केला. ते कायदे चांगले की वाईट, यावर आपल्यात दोन मते असतील. पण शेतकऱ्याच्या प्रश्नावर न्यायालयाने मागवलेला कागद न्यायालयातच न वाचता पडून राहावा, यावर तरी एकमत व्हायला हरकत नाही.

आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मालकांचा खटला? तोही म्हाडा कायद्याविरुद्ध १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात होता. ५ नोव्हेंबर २०२४ ला ९ न्यायाधीशांच्या बाकाने बहुमताने निकाल दिला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, वामनरावचा निकाल देणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव. घरमालक ३२ वर्षे चिकटून राहिले, वकील लावले, कागद जमवले. त्यांना नावे ठेवू नका, त्यांच्याकडून शिका. त्या निकालाने आपल्या सीलिंगला धक्का लागलेला नाही. पण वादाला तोंड फुटले आहे, आणि या वेळी आपण गप्प बसलो तर पुढचा ग्रंथही आपल्याला वगळूनच लिहिला जाईल.

बैठकीपुढचे ठराव

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे तीन ठराव ठेवीत आहोत.

एक. प्रत्येक तालुक्यात कायदा वाचनाची बैठक महिन्यातून एकदा घ्यावी. पहिल्या बैठकीत फक्त कलम ३१-अ, ३१-ब आणि नववे परिशिष्ट वाचावे. घटना मराठीत छापलेली आहे. ज्या घरात मुलगा किंवा मुलगी कायद्याचे शिक्षण घेत असेल, त्यांनी वाचून दाखवावे.

दोन. प्रत्येक गावाने आपली वही करावी. कोणत्या वर्षी, कोणत्या हुकुमाने, कोणत्या मालाचा भाव पडला, आधी काय होता, नंतर काय झाला. विक्रीच्या पट्ट्या फाडून टाकू नका, वहीत चिकटवा. लेव्हीची, एकाधिकाराची आठवण असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून ती लिहून घ्या. ही माणसे गेली की पुरावा गेला. बायांनी त्या काळी घरातले धान्य कुठे आणि कसे दडवले, हेही या वहीत आले पाहिजे. तोच खरा कायद्याचा इतिहास आहे.

तीन. नाशिकच्या वकीलमंडळींना आणि विधी महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना पत्र पाठवावे, की आमच्या वह्या तयार होत आहेत, त्या वाचायला या. मोंढ्यात या, जिनिंगवर या, कापूस वेचणीला या. संसद श्रेष्ठ की न्यायालय श्रेष्ठ, हा तुमचा प्रश्न जरूर सोडवा. त्याबरोबर आमचाही एक प्रश्न घ्या. ज्या कायद्याविरुद्ध दाद मागता येत नाही, तो पाळणाऱ्याला नागरिक म्हणायचे की कूळ?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ठीक आहे. पण पायरी जागेवर आहे की नाही, हे तरी शहाण्याने जाऊन बघितले पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या.